बाबांचं पितळी टोकन

आमच्या क्वार्टरच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक सागाची फळी होती, तिला खिळे ठोकलेले होते आणि त्या खिळ्यांवर आमच्या घराचं सगळं येणंजाणं टांगलेलं असायचं. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत बत्तीघरात कामाला होते. खाली उतरणारा माणूस डोक्याला लावायची बत्ती जिथून घेतो ते बत्तीघर. बत्ती पाहिजे तर आपल्या नंबराचं टोकन खिडकीत द्यायचं, ते तिथल्या फळीवर टांगलं जाणार. वर आलं की बत्ती परत करायची आणि आपलं टोकन घेऊन घरी जायचं. म्हणजे पाळी सुटल्यावर फळीवर एखादं टोकन राहिलंच, तर तो माणूस अजून खाली आहे. बाबांनी नोकरीभर हेच पाहिलं आणि तीच सवय घरी आणली. कधीतरी नंबर बदलले गेले, तेव्हा बाद झालेली ॲल्युमिनियमची टोकनं त्यांनी साहेबांना विचारून आणली आणि घरात प्रत्येकाला एकेक वाटली. बाहेर पडताना टोकन खिळ्यावर टांगायचं, परत आलं की काढून खालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. शाळेत जा, नळावर जा, लग्नाला जा, टोकन टांगल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. "या माणसानं घराची खान करून ठेवली," असं आई म्हणायची, आणि म्हणता म्हणता स्वतःचं टोकन टांगून दळणाला जायची.

माझ्या टोकनाची एक कड वाकलेली होती. मला ते कधीच आवडलं नाही. मला हवं होतं ते पितळी टोकन. बाबा तरुणपणी स्वतः खाली उतरायचे, तेव्हाचं त्यांचं पहिलं टोकन. जाड, वजनदार, बोटांनी घासून घासून नंबर अर्धा पुसलेला. ते भिंतीतल्या फडताळात बुद्धाच्या मूर्तीमागे ठेवलेलं असायचं. पौर्णिमेला वंदनेआधी मूर्ती पुसायला मी धावायचे ती पुण्यासाठी नव्हे, टोकन हातात घ्यायला मिळावं म्हणून. "बाबा, मले देता हे?" "मोठी झाली का पाहू." मी मोठी होत होते आणि बाबा पाहत होते, एवढंच चाललं होतं.

घर दोन खोल्यांचं, मागे एक अंधारी कोठी, पुढे ओटा आणि अंगण. खाणीचा भोंगा झाला की बायका गॅसवर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, चढवायच्या आणि दुसरा भोंगा झाला की उतरवायच्या. घड्याळ पाहून स्वयंपाक करणारी बाई मी पहिल्यांदा लग्नानंतर पाहिली. दुपारी खाली सुरुंग उडायचे. आवाज फारसा यायचा नाही, पण मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींच्या कानात काहीतरी सांगितल्यासारख्या वाजायच्या. धुतलेल्या चादरी वाळेपर्यंत काळपट व्हायच्या. खाणं म्हणजे भात, वांग्याची नाहीतर कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजी, रविवारी बाजारातून आणलेले वाळके झिंगे. गंजाच्या बुडाशी चिकटून लालसर झालेला भात आई उलथन्यानं खरवडून काढायची आणि तो माझ्या ताटात यायचा. दादाला तो नको असायचा, बाबांना दातांनी जमायचा नाही. तो माझाच, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण होतं तसं.

माझा भाऊ प्रफुल्ल, म्हणजे दादा, नागपूरला इंजिनियरिंग करून घरी परत आला होता. नोकरीचं विचारलं की लॅपटॉप उघडून बसायचा. तो व्हिडिओ गेम बनवत होता. कॉलनीत लोकांना वाटे पोरगा गेम खेळतो. बनवतो म्हटलं तर हसत. गेमचं नाव 'खालची पाळी'. एक बंद पडलेली खाण, गाव तिला घाबरतं, आणि एक मुलगी बापाला शोधायला एकटी खाली उतरते. आत दारं आहेत, दारांना कोडी आहेत, आणि कोडं चुकलं की अंधारातून कोणीतरी येतं. चित्रं दादा काढायचा, प्रोग्राम दादा लिहायचा. कोडी माझी. मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात गणित घेऊन शिकत होते आणि पाचर मारल्यासारखं गच्च बसणारं कोडं कसं करायचं ते मला आतूनच कळायचं. लिफ्टच्या घंट्यांचं कोडं माझं, भोंग्याचं माझं, बुजलेल्या बोगद्यांच्या नकाशाचंही माझंच. "सुजा," दादा म्हणायचा, "हा गेम लागला ना, का कोण्या मोठ्या कंपनीत आपण दोघं जाऊ. मी प्रोग्राम करीन, तू कोडे." मी वरून काही बोलायचे नाही, पण चादरी वाळत घालताना मनातल्या मनात पुण्यात खोली भाड्यानं घेऊन झाली होती. मला या काळ्या धुळीतून बाहेर जायचं होतं आणि त्या गेमशिवाय दुसरा रस्ता माझ्याकडे नव्हता.

आणि मग करुणा आली.

करुणा माझी चुलत बहीण. बाबांचे धाकटे भाऊ दिघोरीला धानाची शेती करत. तिकडून कॉलेजला जायची सोय नव्हती, म्हणून बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा सावळी, माझ्यापेक्षा शांत, आणि हसली की समोरच्यालाही हसू यायचं अशी. सोबत नव्या तांदळाचं पोतं, लाखोळीची डाळ आणि तळ्यातल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन उतरली. आईनं शिंगाडे पाहिले आणि तिथेच तिची झाली. पहिल्या रात्री जेवायला बसलो. आईनं गंज खरवडला आणि तो लालसर भात करुणाच्या ताटात टाकला. पाहुणी आहे, म्हटलं ठीक. दुसऱ्या दिवशीही तिच्याच ताटात. मी आईकडे पाहिलं तर आई म्हणाली, "तिले आवडते वं." जसं काही मला औषध म्हणून देत होती इतकी वर्षं.

जेवण झाल्यावर बाबा उठले. फळीवर त्यांनी दुपारीच एक नवा खिळा ठोकला होता. फडताळातून, मूर्तीमागून त्यांनी ते पितळी टोकन काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि करुणाच्या हातात दिलं.

"हे घे बेटा. जाताना टांगजो, आल्यावर काढजो."

"होय मोठे बाबा."

मी म्हटलं, "बाबा, ते मी मांगत होती ना?"

"तुह्याजवळ आहे ना तुहं. आता एकच उरलं होतं घरात, मंग तिले काय देऊ, बटन?"

सगळे हसले. मीही हसले. बाबांची बाजू अगदी सरळ होती, आज मला ती कळते. ॲल्युमिनियमची टोकनं संपली होती, खिळा रिकामा ठेवणं बत्तीघरातल्या माणसाला जमणारं नव्हतं. पण त्या रात्री मी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्या शेजारी, माझ्याच खाटेवर, करुणा गाढ झोपली होती. मला तिचा इतका राग आला की तिच्या अंगावरची चादरसुद्धा जास्त ऊबदार वाटायला लागली.

आल्यापासून थोड्याच दिवसांत तिनं जो घोळ घातला तो आमच्या कॉलनीत अजून सांगतात. सकाळी कॉलेजला जाताना ती टोकन पर्समध्ये घालून घेऊन गेली. दुपारी डोकं दुखतं म्हणून लवकर परतली, घरी कोणी नव्हतं, तर तिनं शिस्तीत पर्समधून टोकन काढलं, खिळ्यावर टांगलं आणि मागच्या कोठीत गोधड्यांच्या ढिगावर जाऊन झोपली. बाबांचं सांगणं तिच्या डोक्यात उलटं बसलं होतं; तिला वाटलं, घरी आलं की टांगायचं, किल्ली टांगतात तसं. आई आणि मी विहारातून दिवेलागणीला परतलो, आमची टोकनं काढली. बाबा बाजारातून आले, फळीकडे पाहिलं. पितळी टोकन टांगलेलं.

"करुणा आली नाही का वर?" त्यांनी विचारलं. घरातसुद्धा ते 'वर'च म्हणायचे.

तुमसरहून येणारी शेवटची गाडी निघून गेली होती. बाबांनी टॉर्च घेतला आणि चप्पल न घालता निघाले. थांब्यापर्यंत गेले, मँगनीजच्या ट्रकवाल्यांना थांबवून थांबवून विचारलं, मग कॉलनीतली माणसं जमवली. आई रडायला लागली. दादा मोटरसायकल घेऊन तुमसरच्या रस्त्याला लागला. आणि इतक्या माणसांपैकी एकालाही मागच्या कोठीत डोकावून पाहावंसं वाटलं नाही! कसं वाटणार? फळी सांगत होती ती बाहेर आहे. आमच्या घरात फळीवर अविश्वास म्हणजे बापावर अविश्वास. अर्धी कॉलनी अंगणात उभी असताना कोठीचं दार वाजलं आणि करुणा डोळे चोळत बाहेर आली.

"मोठे बाबा, काय झालं? कोणी हरवलं का?"

बाबा मटकन ओट्यावर बसले. मला वाटलं, आता हिची बरी जिरेल. मी एकदा टोकन टांगायला विसरले होते, आईनं ते सांगितलं तर बाबा जेवताना माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. पण ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, तिला जवळ घेतलं आणि आईला म्हणाले, "पोरीले जेवाले वाढ आधी." त्यांच्या पायाला काटा लागून रक्त आलं होतं. मी पाणी आणून पाय धुतला आणि माझ्या मनात एकच होतं: माझ्यासाठी हा माणूस कधी अनवाणी धावला आहे का? नाही धावला. कारण मी कधी हरवलेच नाही. ती एक वेळ सोडली तर माझं टोकन नेहमी जिथे पाहिजे तिथे असायचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तिला सहन केलं असतं. पण तिला दादाच्या गेममध्ये गोडी वाटायला लागली. सुरुवातीला नुसती मागे उभी राहून पाहायची. मग एक दिवस अंगणात तिनं खडूनं चौकोन आखले, चिंचोके ठेवले आणि शेजारच्या मीराकाकूंना बसवलं. म्हणे ही खाण आहे, काकू, तुम्ही आत उतरल्या, आता काय करता? कोडं फालतू होतं, माझ्या घंट्यांच्या कोड्यापुढे तर पोरखेळ. मीराकाकू चुकीच्या चौकोनाकडे हात नेऊ लागल्या तशी मी ओरडले, "काकू, अठी नाही, तठी!" करुणानं माझा हात दाबला.

"सांगू नोको वं. अडू दे त्यायले."

"अडल्या तं उठून जातीन."

"कठी उठतात ते तं पाहाचं आहे."

मी म्हटलं, हे काय शिकवणं झालं! पण ती रोज कोणाला तरी धरून बसवायची आणि स्वतः गुडघ्यावर हनुवटी टेकवून त्याच्या बोटांकडे पाहत राहायची. लोकही वेडे. माझं कोडं सोडवून "बरं आहे" म्हणायचे, आणि हिचं फालतू कोडं सोडवून टाळ्या पिटायचे. मीराकाकू तर दुसऱ्या दिवशी आपणहून आल्या, "पोरी, आज नाही का वं खान?" दादाही लॅपटॉप बाजूला ठेवून अंगणात येऊन बसू लागला. पूर्वी तो मला हाक मारायचा, "सुजा, हे पाह्य." आता हाक यायची, "पोट्ट्याहो, हे पाहा." दोघींना मिळून एक हाक. माझ्या वाट्याची अर्धीच.

तेव्हा मी ठरवलं की शेवटचं मोठं कोडं असं करायचं, की पुन्हा कोणी चिंचोक्यांचं नाव काढू नये. विषय शोधावा लागला नाही, तो आमच्या दाराशीच टांगलेला होता. खेळाच्या अगदी पहिल्या खोलीत बत्तीघर, भिंतीवर टोकनांची फळी. काही खिळ्यांवर टोकनं, काही रिकामे. समोर नंबरांची कपाटं. जे अजून खाली आहेत फक्त त्यांचीच कपाटं उघडायची, चुकीचं उघडलं की आतून अंधारातलं ते येतं. त्यात मी नंबरांची अशी गुंतागुंत विणली होती की दादा म्हणाला, "बाप रे." कॉलनीतल्या पोरांनी ते सोडवलं, थोडं डोकं खाजवून, पण सोडवलं. मी खूश. दादानं ते नागपूरच्या मित्रांना पाठवलं. आमच्याकडे नेट इतकं रडत चालायचं की गेम पाठवायला तो मोटरसायकलवर तुमसरला जाऊन यायचा.

परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"एकालेही नाही जमलं सुजा. सगळे पहिल्याच खोलीत मेले. कोडं चुकलं आहे म्हणतात."

"मठ्ठ हायेत तुहे दोस्त."

"मठ्ठ नाही हायेत. त्यायले वाटलं टोकन टांगलेलं आहे म्हणजे माणूस वर आला."

"असं कोण समजते?"

लाखोळीची डाळ निवडत बसलेली करुणा मान वर न करता म्हणाली, "मी समजली होती."

मला आठवलं ते कोठीचं दार, तो टॉर्च, बाबांचा पाय. दादा म्हणाला, मग खोलीत एक पाटी लावू, नियम लिहून टाकू. मी म्हटलं, नियम लिहिला तर कोडं कशाचं, परीक्षा झाली ती. आणि करुणा म्हणाली, "नोको लिहू दादा. चुकू दे त्यायले. समजू दे उलटं."

त्यानंतर ती आणि दादा बरेच दिवस लॅपटॉपपाशी होते. मी मुद्दाम तिकडे गेले नाही. भांडी घासताना जरा जास्त आवाज करायचे, इतकंच. मग एका दुपारी दादानं मला बोलावलं, "सुजा, खेळ. काही विचारू नोको, नुसती खेळ." करुणा खोलीच्या कोपऱ्यात, गुडघ्यावर हनुवटी. मी कुठे अडते ते पाहायला बसलेली!

खेळ सुरू झाला. तेच बत्तीघर, तीच फळी, पण आता एकही खिळा रिकामा नाही. फळी गच्च भरलेली आणि तिच्यावर मऊ पिवळा उजेड. कपाटं नाहीत, कोडंच नाही. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, चला, सगळे सुखरूप आले, खाली कोणी नाही. खिडकीतून एक हात बत्ती पुढे करतो, पण मुलीनं आपलं टोकन दिल्याशिवाय सोडत नाही. खेळणारा काही विचार न करता टोकन देतो, ते शेवटच्या खिळ्यावर टांगलं जातं, बत्ती मिळते. मग खाली माझी घंट्यांची, भोंग्याची, नकाशाची कोडी. आणि पार शेवटी, सगळं संपलं असं वाटताना मुलगी एका बोगद्यातून पुन्हा त्याच बत्तीघराच्या मागच्या काचेशी येते. काच बंद. आत फळी दिसते. तिला फळीवर आपलं स्वतःचं टोकन दिसतं. ती तर खाली आहे! मग टांगलेलं टोकन म्हणजे? आणि शेजारचं? आणि त्याच्या शेजारचं? अख्खी भरलेली फळी. त्यातला एकही माणूस कधी वर आलेलाच नव्हता.

मला फळीचा नियम जन्मापासून माहीत होता. तरी माझ्या अंगावर काटा आला. कारण खेळताना मी नियम माहीत असलेली मुलगी राहिलेच नव्हते. त्या पिवळ्या उजेडानं मलाही फसवलं होतं. पुढचं कोडं होतं काच उघडून एकेक टोकन काढून ज्याचं त्याच्या हातात देण्याचं, म्हणजे खाली अडकलेलं त्याचं भूत वर जाईल. ते माझ्या नंबरांच्या गुंतागुंतीवरच बांधलेलं होतं. मी ते सोडवलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "चांगलं आहे."

खरं सांगायचं तर मला तो लॅपटॉप विहिरीत टाकावासा वाटला. वाईट कोडं असतं तर मी हसले असते, चोरलेलं असतं तर भांडले असते. पण ते तिनं आमच्याच दारातून उचललं होतं, ज्या दारातून मी बोटभर होते तेव्हापासून जात-येत होते. मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि त्या माहीत नसण्याचं तिनं सोनं केलं. आता चाळिशी लागली, मलाही आणि डोळ्यांनाही. तुमसरला गणिताच्या शिकवण्या घेते. एखादं पोरगं फळ्यावर उलटं उत्तर लिहितं तेव्हा मी त्याला लगेच थांबवत नाही, कुठे अडतं ते पाहते. पालक म्हणतात, मॅडमची पद्धत फार छान. पद्धत कोणाची ते मी सांगत नाही.

गेम लागला. कुठे कुठे त्याच्यावर लिहून आलं, परक्या मुलखातले लोक काचेपाशी येऊन किंचाळतानाचे व्हिडिओ दादा आम्हाला दाखवायचा. सगळे त्याच एका जागी किंचाळायचे. मग पुण्याच्या एका कंपनीनं दादाला बोलावणं पाठवलं: तू ये, आणि कोडी करणाऱ्यालाही घेऊन ये. दादा अंगणात खाटेवर बसला होता. मी शेजारी उभी होते.

"त्यायनं विचारलं, फळीचं कोडं कोनाचं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"खरं सांगितलं. दोघींचं आहे म्हटलं. फळी सुजाताची, उलटवली करुणानं."

"मंग?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मीच म्हटलं, "फळीवालीले कोन नेते रे दादा." तो रडवेला झाला. "एकच जागा आहे वं सुजा. मी बोलून पाहिलो." मला माहीत आहे तो बोलला असणार. त्याची समजूत मला काढावी लागली, याचाही मला राग आला.

दादा आणि करुणा पुण्याला निघाले त्या दिवशी आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे केले. बॅगा ओट्यावर. करुणा माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि कढईकडे पाहत म्हणाली, "सुजा, फळी तुमची, कोडं तुहं. मी फक्त उलटं टांगलं."

"उलटं टांगाचीच अक्कल लागते," मी म्हटलं. "जा आता, गाडी चुकन."

तिनं मला मिठी मारली. मी हातात झारा असल्याचं निमित्त करून हात वरच ठेवले. दारातून निघताना तिनं पितळी टोकन टांगलं, दादानं त्याचं टांगलं. दोन्ही थोडा वेळ हलत राहिली.

करुणा आता त्या धंद्यात नावाजलेली आहे. नवा गेम आला की सगळ्यांच्या आधी मला पाठवते आणि लिहिते, "खेळ, अना कठी अडते ते सांग." मी खेळते. अडले तरी सांगत नाही.

ते गेल्यानंतर घर फार शांत झालं. गंजाचा लालसर भात पुन्हा माझ्या ताटात यायला लागला आणि मला तो आवडेनासा झाला. बाबा रोज ड्यूटीवरून यायचे, चपला काढायच्या आधी फळीपुढे उभे राहायचे आणि त्या दोन टोकनांकडे बघायचे. कधी बोटानं पितळी टोकन सरळ करायचे. "करुणाचा फोन आला होता का?" "दादाची तब्येत बरी आहे ना?" माझा खिळा त्यांच्या डोळ्यांसमोरच असायचा, रिकामा. मी घरात होते, कॉलेजला जाऊन आले होते, टोकन डब्यात टाकलं होतं, सगळं नियमाप्रमाणे. आणि नियमाप्रमाणे वागणाऱ्याच्या खिळ्यावर पाहण्यासारखं काहीच नसतं.

एक दिवस मला ते सहनच होईना. आई मीराकाकूंकडे पापड लाटायला गेली होती. भोंगा झाला. मी उठले, डब्यातून माझं वाकडं टोकन काढलं, खिळ्यावर टांगलं आणि मागच्या कोठीत, त्याच गोधड्यांच्या ढिगावर जाऊन बसले. दार ओढून घेतलं. ठरवलं, पाहूच. टॉर्च काढतात का, थांब्यावर जातात का, ट्रकवाल्यांना विचारतात का. पायाला काटा लागला तर मी धुईन, पण जाऊ देत एकदा तरी. लहानपणी लपाछपीत बसायचे तसे गुडघे पोटाशी घेतले.

बाबा आले. फळीपाशी थांबले, ते मला कळलं. पितळी टोकन किणकिणलं, म्हणजे ते सरळ केलं असणार. मग खाट करकरली.

"सुजा," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा ठेव वं थोडा."

मी तशीच बसून राहिले. पुन्हा हाक आली, "सुजा, अवं चहा." मग मला इतका संताप आला की मी दार ढकलून बाहेर आले.

"बाबा, माहं टोकन फळीवर आहे!"

त्यांनी वळून पाहिलं. "हो का? मंग?"

"मंग म्हणजे? मी बाहेर हाओ असं नाही वाटलं तुमाले? पाहिलंच नाही तुमी."

"तू घरी हायेस म्हणून तं चहा मांगून राहिलो."

"पन फळीवर—"

"तुह्या टोकनाकडे मी कवा पाहिलो बाई," बाबा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "गल्लीत वळलो का तुहा आवाज येते. कोनावर तरी चिडलेली असते, नाही तं भांडे आपटत असते. आवाज नाही आला तं तुह्या चपला दिसतात, उलट्या-सुलट्या. आज चपला होत्या. फळी बाकीच्यायसाठी आहे. तुह्यासाठी मले फळी कायले लागते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी फळीकडे वळले. टोकन काढलं, डब्यात टाकलं. पत्र्यावर ते नेहमीसारखंच वाजलं.

मग चहा ठेवला. साखर मात्र मुद्दाम कमी घातली, कारण करुणासाठी ते अनवाणी धावले होते.